ढकलावं की ओढावं? डबा, दोरी आणि ताणकाटा घेऊन बल मोजायला शिका

भरलेलं लोखंडी कपाट एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला न्यायचं असलं की घरात सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं वरून लोटा, कुणी म्हणतं खाली हात घाला, कुणी दोरी शोधायला जातं. यातलं बरोबर कोण, हे मोजून ठरवता येतं. त्यासाठी एक किलोचा डबा आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा ताणकाटा, म्हणजे स्प्रिंग किती ताणली त्यावरून बल दाखवणारा काटा, पुरतो.

ढकलणं आणि ओढणं या दोन्हींना भौतिकशास्त्रात एकच नाव आहे, बल. बल सांगताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात: किती, कुठल्या दिशेने आणि वस्तूच्या कुठल्या जागी. पहिली सगळ्यांच्या लक्षात राहते, कारण गणितात तिचाच आकडा येतो. कंबर धरते, कपाट कलंडतं, बॅगेचं चाक उंबरठ्याला अडतं ते मात्र उरलेल्या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्याने. म्हणून या लेखात जास्त जागा त्या दोन गोष्टींना दिली आहे.

काय काय लागेल

० ते १० न्यूटनचा ताणकाटा (न्यूटन हे बल मोजायचं एकक; दुकानात १ किलोचा म्हणून मागितला तरी चालतो). शक्य असेल तर दोन घ्या. सपाट बुडाचा, पसरट, साधारण १० सेंमी उंचीचा स्टीलचा डबा. त्यात एवढे तांदूळ भरा की डब्यासकट वजन बरोबर १ किलो भरेल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाहून घ्या. नायलॉनची बारीक दोरी दोन मीटर, ६० सेंमी लांबीची गुळगुळीत फळी, मोजपट्टी, पॉलिश पेपर, जुना टॉवेल, औषधाच्या बाटलीसोबत येतं तसं मापाचं झाकण आणि दोन लहान कप्प्या.

प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा घरात असेल तर तो जड वस्तूंसाठी वापरता येतो, पण त्याची एक अडचण आहे. आकडा स्थिर झाला की बरेचसे असे काटे तो तिथेच गोठवतात. वस्तू सरकण्याच्या क्षणी बल किती होतं, हे त्यावर नीट पकडता येत नाही. शिवाय तो किलो दाखवतो. न्यूटन हवे असतील तर ९.८ ने गुणा.

रबरबँडचा काटा करायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. बल कळण्यापुरता तो चालेल, मोजण्यासाठी नको. स्प्रिंगचा ताण तिच्या वाढलेल्या लांबीच्या प्रमाणात असतो. हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली छापला आणि ताणकाटा त्याच्यावरच चालतो. रबर तसं वागत नाही. भार वाढवत नेताना एक लांबी मिळते, उतरवत आणताना त्याच भाराला दुसरीच मिळते.

पायरी १: आधी काटा तपासा

काटा उभा टांगा आणि काहीही न अडकवता दर्शक शून्यावर आहे का पाहा. नसेल तर वरच्या टोकाशी शून्य जुळवायचा स्क्रू किंवा पट्टी असते, ती हलवा. आता प्लास्टिकच्या पिशवीत ५१० मिलि पाणी मोजून घाला आणि पिशवी हुकाला अडकवा. काट्याने ५ न्यूटन दाखवले पाहिजेत. १ मिलि पाण्याचं वस्तुमान १ ग्रॅम, आणि १ किलो वस्तुमानाला पृथ्वी ९.८ न्यूटन बलाने खाली ओढते. म्हणून हा आकडा. १ न्यूटन हातात कसा लागतो हे कळायला १०२ मिलि पाणी, म्हणजे चहाच्या लहान कपात मावेल एवढं, पिशवीत घेऊन बोटाला टांगून पाहा.

नवख्यांचं हटकून चुकतं ते यापुढे. उभा तपासलेला काटा तसाच आडवा धरून ओढायला घेतात. काटा उभा असताना हुकाचं आणि स्प्रिंगचं स्वतःचं वजनही स्प्रिंगला थोडं ताणत असतं. आडवा केला की तो ताण जातो आणि दर्शक शून्याच्या मागे सरकतो. त्यामुळे आडवी मापं घेण्याआधी काटा आडवा धरूनच शून्य पुन्हा जुळवा. एक दोन न्यूटनची मापं घेताना एवढ्याशा फरकानेही उत्तर बिघडतं.

दोन काटे असतील तर लगेच एक गोष्ट करून पाहा. एक खिडकीच्या गजाला अडकवा, त्याच्या हुकात दुसऱ्याचा हुक घाला आणि ओढा. दोन्ही सारखाच आकडा दाखवतील. तुम्ही ४ न्यूटनने ओढता तेव्हा गजही तुम्हाला ४ न्यूटनने उलट ओढतो. गजाच्या जागी माणूस उभा केला तरी आकडे सारखेच राहतात. दोघं ओढतात म्हणून दोरीतला ताण ४ अधिक ४ असा ८ होईल, असं मुलंच काय, मोठेही बोलून जातात. काट्यावर ८ कधीच येत नाही.

पायरी २: सरकवायला किती जोर लागतो

डब्याला बुडापासून एक दोन सेंमी वर दोरीचा वेढा घाला. कडीला किंवा झाकणाला बांधलीत तर डबा सरकण्याऐवजी पुढे झुकू शकतो. दोरी टेबलाला समांतर ठेवा आणि मनात पाचपर्यंत मोजत जोर सावकाश वाढवा. एकट्याने ओढणं आणि वाचणं जमत नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये काट्याचं चित्रण करा आणि नंतर आकडे वाचा.

आकडा १ वर जातो, डबा हलत नाही. २ वर जातो, हलत नाही. याचा अर्थ घर्षण कमी जास्त होतं आहे: तुम्ही १ न्यूटनने ओढलंत तेव्हा तेही १, तुम्ही २ केलंत तेव्हा तेही २. एका मर्यादेपुढे ते वाढू शकत नाही आणि डबा निसटतो. समजा ही मर्यादा ३.३ न्यूटन आली. डबा सरकू लागताच काटा खाली येऊन २.९ च्या आसपास राहील. पहिलं कमाल स्थितिक घर्षण, दुसरं गतिक घर्षण. तुमच्या टेबलाचे आकडे वेगळे येतील, पण पहिला दुसऱ्यापेक्षा सहसा मोठाच असेल. जड वस्तू एकदा हलली की थांबवू नका म्हणतात, ते याचसाठी.

सरकतानाचा आकडा वाचताना वेग एकसारखा हवा. तेव्हाच तुमची ओढ आणि घर्षण यांची बरोबरी होते. हिसका दिलात तर काटा जास्त दाखवतो, कारण त्यातलं काही बल डब्याचा वेग वाढवण्यात जातं. प्रत्येक माप पाच वेळा घ्या, सगळ्यात वेगळा पडलेला आकडा का वेगळा पडला ते शोधा आणि मग सरासरी काढा. टेबलावर ओल, तेलाचा हात किंवा साखरेचा कण हीच बहुतेक वेळा कारणं असतात.

आता डब्यावर आणखी १ किलो ठेवा. आकडा दुप्पट होईल. डब्याखाली टॉवेल, मग पॉलिश पेपर ठेवून पाहा. मग डब्याऐवजी जाड पुस्तक घेऊन आधी आडवं आणि नंतर कण्यावर उभं सरकवा. पुस्तकाचा कणा आणि पुठ्ठा एकाच कागदाचा असेल तर आकडा जवळपास तेवढाच येतो. टेकलेली जागा वाढली म्हणून घर्षण वाढत नाही, हे फ्रान्सच्या गियोम आमाँतोंने १६९९ मध्ये मांडलं. रबरी आणि चिकट पृष्ठभागांना मात्र हा नियम नीट लागू पडत नाही.

घर्षणाला वजनाने भागलं की घर्षण गुणांक मिळतो: २.९ भागिले ९.८, म्हणजे साधारण ०.३. हाच आकडा पुढे सगळीकडे लागणार आहे.

ताणकाटा नसेल तरी गुणांक काढता येतो. वस्तू फळीवर ठेवा, फळीचं एक टोक हळूहळू उचला आणि वस्तू घसरू लागेल तिथे थांबा. टोकाची उंची भागिले जमिनीवरचं आडवं अंतर, हा झाला स्थितिक घर्षणाचा गुणांक. ६० सेंमीची फळी २० सेंमी उचलल्यावर वस्तू घसरली तर आडवं अंतर ५६.६ सेंमी आणि गुणांक ०.३५. वस्तूचं वजन माहीत असायचीही गरज नाही.

पायरी ३: दिशा बदलून पाहा

बॅग तिरकी वर ओढली की बरं पडतं, आणि तीच मागून वाकून लोटली की जड लागते. किती जड, ते मोजू.

तिरकी वर ओढ: बुडाशी बांधलेली दोरी आणि काटा मिळून ५० सेंमी होऊ द्या आणि तुमच्या हातातलं टोक गाठीपेक्षा २५ सेंमी वर धरा. हा कोन बरोबर ३० अंशांचा.

तिरकं खाली ढकलणं: ताणकाट्याने ढकलता येत नाही, पण पुढून तिरकं खाली ओढलं तर डब्यावर तोच परिणाम होतो. दोरी डब्याच्या पुढच्या बाजूला वरच्या काठाशी, १० सेंमी उंचीवर बांधा. डबा टेबलाच्या कडेपासून १० सेंमी आत ठेवा आणि दोरी कडेवरून खाली ओढा. कडेशी दोरी टेबलापासून सुमारे ४ सेंमी वर असेल तर कोन ३० अंशांच्या जवळ आहे. दोरी कडेला घासता कामा नये. घासली तर कडेचंही घर्षण मापात येतं. डबा एक दोन सेंमी सरकला तरी पुरे.

गुणांक ०.३ असेल तर आकडे असे यायला हवेत: आडवी ओढ २.९ न्यूटन, ३० अंश वर २.९, ३० अंश खाली ४.१. पुन्हा एकदा वाचा. तिरकं वर ओढून जवळजवळ काहीच फायदा झाला नाही, पण तिरकं खाली ढकलल्याने जोर तब्बल ४० टक्के वाढला. वर ओढताना वजन थोडं उचललं जातं आणि घर्षण कमी होतं खरं, पण बलाचा पुढे नेणारा भागही तितकाच कमी होतो. खाली ढकलताना दोन्हीकडून तोटा होतो: पुढे नेणारा भाग घटतो आणि वस्तू जमिनीवर आणखी दाबली जाते.

हेच मोठ्या वस्तूला लावा. २० किलोची पत्र्याची ट्रंक, गुणांक ०.४. आडवं ढकलायला ७८ न्यूटन लागतात. वाकून ३० अंशांत खाली लोटली तर ११८. ४५ अंशांत १८५. ६० अंशांत ५१० न्यूटन, म्हणजे २० किलोच्या ट्रंकेसाठी ५० किलो उचलण्याएवढा जोर. आणि कोन ६८ अंशांच्या पुढे गेला की कितीही जोर लावा, ट्रंक जागची हलणार नाही. तुम्ही जेवढं ढकलाल त्याहून जास्त घर्षण तुम्हीच तयार करत असता. उंच माणूस बुटक्या वस्तूला उभ्या उभ्या लोटतो तेव्हा हेच घडतं.

मग ढकलूच नये का? ढकलावं, पण हात आडवे राहतील इतकं खाली बसून. ढकलताना पाय, मांड्या आणि शरीराचं वजन कामाला येतं, समोरचंही दिसतं. गुडघे वाकवून हात वस्तूच्या खालच्या भागाला लावा आणि जोर किंचित वरच्या दिशेने द्या. असं केल्याने वस्तूचा जमिनीवरचा दाब कमी होतो आणि तेवढाच तुमच्या तळव्यांखालचा वाढतो. ढकलताना तुमचे पाय घसरतात की नाही हे तुमच्या पायांखालचं घर्षण ठरवतं; ६० किलोचा माणूस आणि ०.५ गुणांक धरला तर २९४ न्यूटनपलीकडे तो ढकलूच शकत नाही, पाय मागे सरकतील. मोजे घालून किंवा ओल्या फरशीवर ही मर्यादा फार खाली येते. रबरी तळाचे बूट घाला.

पायरी ४: कुठल्या उंचीवर

आता दोरी डब्यावर बांधायची जागा बदलत जा: बुडाशी, मध्यावर, वर. डबा पसरट असल्याने बहुधा सरकेलच. तोच प्रयोग उंच, अरुंद डब्यावर करा; एका ठरावीक उंचीच्या वर ओढलंत की डबा सरकण्याऐवजी कलंडू लागतो. ही उंची काढायची पद्धत सोपी आहे: वस्तूची ढकलायच्या दिशेतली खोली भागिले गुणांकाची दुप्पट. वजन खोलीच्या मध्यावर आहे असं यात धरलं आहे.

लोखंडी कपाटाची खोली ४८ सेंमी आणि गुणांक ०.४ धरा. ४८ भागिले ०.८, म्हणजे ६० सेंमी. समोरून किंवा मागून ढकलताना हात ६० सेंमीच्या खाली हवेत. छातीच्या उंचीवर लोटलंत तर कपाट सरकण्याआधी झुकणार. पायांना रबराच्या टोप्या असतील आणि गुणांक ०.८ झाला तर मर्यादा ३० सेंमीवर येते. याच कपाटाला ९० सेंमी रुंदीच्या बाजूने, म्हणजे कुशीवरून ढकललं तर मर्यादा ११२ सेंमी. म्हणून जमेल तिथे कपाट कुशीच्या बाजूनेच सरकवावं.

काम असं करा. वरचे जड कप्पे रिकामे करा. सावकाश ढकलताना कलंडण्याची मर्यादा त्याने बदलत नाही, पण एकदा झुकलेलं वरजड कपाट परत जागेवर येत नाही. दारं कुलूप लावून बंद करा, नाहीतर दार उघडून वजन एका बाजूला जातं. एका बाजूने जरा उचलून पायांखाली घडी केलेलं बारदान किंवा सतरंजीचा तुकडा सरकवा. वाटेतल्या फरशीच्या सांधी पाहून ठेवा. पाय सांधीत अडकला की घर्षणाचा हिशोब संपला. तो पाय बिजागरीसारखा होतो आणि कपाट त्याच्यावर फिरतं. कपाट ज्या बाजूला चाललं आहे त्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, मुलं तर नाहीच.

पायरी ५: चाक आणि उंबरठा

चाकं आली की घसरण्याचं घर्षण जवळजवळ जातं, पण अडथळा समोर आला की प्रश्न वेगळा होतो. २.५ सेंमी उंचीचा उंबरठा घ्या आणि आसावर अगदी आडवा जोर लावा. ६० सेंमी व्यासाचं चाक चढवायला त्या चाकावर असलेल्या वजनाच्या ०.४४ पट जोर लागतो. २० सेंमीच्या चाकाला ०.८८ पट. १० सेंमीच्या चाकाला १.७ पट, म्हणजे उचलून ठेवणं त्यापेक्षा सोपं. आणि प्रवासाच्या बॅगेला असतं तसं ५ सेंमीचं चाक आडव्या जोराने चढतच नाही, कारण त्याचा आस उंबरठ्याच्या काठाच्याच पातळीत असतो. जोर नुसता काठात रुततो.

चाकाची खुर्ची ढकलणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. साध्या खुर्चीची मागची चाकं साधारण ६० सेंमीची आणि पुढची २० सेंमीच्या आसपास असतात. पुढची चाकं तशीच उंबरठ्यावर आदळवली तर खुर्ची थबकते आणि बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाऊ शकते. बसलेल्या व्यक्तीला आधी सांगा, खुर्ची फिरवून पाठ उंबरठ्याकडे करा, किंचित मागे कलती घ्या म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार उतरेल, आणि मोठी चाकं आधी ओढून घ्या. ओढ तिरकी वर असल्याने चाकावरचं वजनही थोडं हलकं होतं. तीव्र उतारावर खाली जातानाही खुर्ची उलटीच न्यावी: तुम्ही उताराच्या खालच्या बाजूला, खुर्ची तुमच्याकडे पाठ करून.

पायरी ६: उतरण

फळी लावली की जोर कमी लागतो, हे अर्धंच खरं आहे. ५० किलोचा खोका ३० सेंमी उंचीच्या ओट्यावर चढवायला १.५ मीटरची फळी लावली. घर्षण नसतं तर वजनाच्या एक पंचमांश, ९८ न्यूटन पुरले असते. गुणांक ०.३ असेल तर घर्षणाचेच आणखी १४४ न्यूटन, एकूण २४२. उचलण्याच्या ४९० न्यूटनपेक्षा निम्मं, पण एक पंचमांश नाही. फळी आणखी लांब केली तरी घर्षणाचा भाग तसाच राहतो. खरा फायदा फळी आणि चाकं दोन्ही असतील तेव्हा. गोल पिंप फळीवरून आडवं लोळवत चढवतात ते म्हणूनच.

पायरी ७: कप्पी

एक कप्पी वर पक्की बांधा, तिच्यावरून दोरी टाका, एका टोकाला ५ न्यूटनची पाण्याची पिशवी आणि दुसऱ्याला ताणकाटा. जोर कमी होत नाही, फक्त दिशा बदलते: वर खेचण्याऐवजी खाली खेचता येतं आणि शरीराचं वजन कामी येतं. विहिरीवरच्या रहाटाची सोय हीच.

दुसरी कप्पी पिशवीला बांधून दोरी तिच्याखालून घ्या, एक टोक वर पक्कं करा आणि दुसरं काट्याने वर ओढा. आता पिशवीचा भार दोन दोऱ्यांत वाटला जातो आणि काटा अडीच न्यूटनच्या जवळ येतो. पिशवी १० सेंमी वर न्यायला दोरी मात्र २० सेंमी ओढावी लागते. दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर ठेवा. फाकल्या की आकडा वाढत जातो. सरकत्या कप्पीचं स्वतःचं वजनही पिशवीच्या वजनात धरायला विसरू नका.

पक्क्या कप्पीवर एक शेवटचं माप घ्या. पिशवी सावकाश वर घेताना आकडा वाचा, मग तितक्याच सावकाश खाली सोडताना वाचा. वर घेताना ५.६ आणि सोडताना ४.४ असं काही आलं तर गोंधळू नका. कप्पीच्या आसातलं घर्षण एकदा तुमच्या विरुद्ध असतं आणि एकदा तुमच्या बाजूने. दोन्हींची सरासरी पिशवीच्या वजनाजवळ येते आणि फरकाचा निम्मा भाग, इथे ०.६ न्यूटन, हे आसाचं घर्षण. आता आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्या, कप्पी दहा वेळा फिरवा आणि दोन्ही मापं पुन्हा घ्या.